ऑपरेशन आपल्या पोटाचं. घरी सांगायचं की लपवायचं?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलेली माणसं आता नागपुरात दुर्मीळ राहिलेली नाहीत. दुर्मीळ आहे ते "होय, मी हे ऑपरेशन केलं" असं नात्यात उघड सांगणं. कोणी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं म्हणतं, कोणी हर्नियाचं. सहा महिन्यांनी माणूस निम्मा दिसायला लागला की "रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी फिरायला जातो" असं सांगून वेळ मारून नेली जाते. आपल्या समाजातही हेच चालतं. व्यासपीठावरून विज्ञाननिष्ठेवर तासभर बोलणारे कार्यकर्ते आपल्या पोटावरच्या चार टाक्यांबद्दल मात्र गप्प बसतात.

या गप्प बसण्याविरुद्ध आम्ही लिहीत आहोत, कारण हा प्रश्न आमच्याच घरात आला आहे. आम्ही प्रताप नगरात राहतो. उंची पाच फूट चार इंच, वजन ११८ किलो, बीएमआय ४४ च्या पुढे. पाच वर्षांपासून मधुमेह, आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या डॉक्टरांना विचारून आम्ही शस्त्रक्रिया करायचं ठरवलं आहे. तारीख यायची आहे. घरी मात्र सांगून झालं. एका रविवारी जोडीदार, आई, सासरे, नणंद आणि धाकटा भाऊ एकत्र बसलेले असताना सांगितलं. त्यानंतर जे प्रश्न आले ते आमच्या एकट्याच्या घरातले नाहीत. खामल्यात, त्रिमूर्ती नगरात, इंदोऱ्यात, कोणत्याही बौद्ध घरात हेच प्रश्न येतील. म्हणून एकेक प्रश्न घेऊन बोलू.

त्याआधी आमची भूमिका स्पष्ट करतो. शरीर ज्याचं, निर्णय त्याचा. घरी सांगायचं ते माहिती द्यायला आणि सोबत मागायला. परवानगीचा अर्ज करायचा नाही. पण ज्यांच्या हातचं आपण रोज खातो, जे रात्री दवाखान्यात आपल्या उशाशी बसणार आहेत, त्यांच्यापासून हे लपवणं धोक्याचं आहे. आणि घरच्यांपलीकडची जी गर्दी आहे, लग्नाच्या पंगतीतली, कॉलनीतली, व्हॉट्सअॅप ग्रुपवरची, तिचं आपण काही देणं लागत नाही.

आईचा प्रश्न

आई पहिल्यांदा काही बोललीच नाही. मग म्हणाली, "काहून वं, आम्ही पोट भराच्या मागं जिंदगी घातली, अन् तू पोट कापाले निघाली?"

या वाक्याला अडाणीपणा समजून हसणारे शिकलेले लोक आम्ही पाहिले आहेत. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला तरी हसता येऊ नये. त्या वाक्यात आपला सगळा इतिहास आहे. येसकराची काठी घेऊन दारोदार भाकरीचे तुकडे मागणारे आपलेच आजे-पणजे. मेलेल्या ढोराचं मांस आणि उष्टं अन्न सोडा, हे बाबासाहेबांना १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत सांगावं लागलं, कारण त्याशिवाय पोट भरत नव्हतं अशी लाखो घरं होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर दगड फोडणारी, सुकडी आणि लाल मिलो खाऊन जगलेली पिढी अजून आपल्या घरात बसलेली आहे. त्या पिढीच्या डोळ्यांत अंगानं भरलेली लेक म्हणजे दारिद्र्य हटल्याचा पुरावा. "खात्यापित्या घरची दिसते" हे वाक्य तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींबद्दल ऐकलं. आपल्या लेकीबद्दल ते ऐकायला मिळालं तेव्हा तिला सगळे कष्ट फळाला आल्यासारखे वाटले. आता तीच लेक म्हणते की हे शरीर आजारी आहे.

म्हणून आईशी बोलताना बीएमआयपासून सुरुवात करून उपयोग नाही. तिनं वाढलेलं ताट आपण नाकारत नाही आहोत, हे तिला आधी कळलं पाहिजे. त्यानंतर तिला एक गोष्ट जरूर सांगावी, जी आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्यात असं दिसलं की आपल्याकडची बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं कमी असतात, पण त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त असते. मायच्या पोटात अन्न कमी पडलं तर बाळाचं शरीर टंचाईच्या हिशेबानं घडतं. पुढे त्याच शरीराला भरपूर भात, साखर, तेल आणि बैठं काम मिळालं की मधुमेह लवकर गाठतो.

याचा अर्थ आजीची उपासमार आणि नातीचा लठ्ठपणा या दोन उलट्या गोष्टी नाहीत. एकाच इतिहासाची ती दोन टोकं असू शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर आढळलं, आणि त्याच वयोगटात ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. एकाच देशात, कित्येकदा एकाच घरात आणि एकाच शरीरात या दोन्ही गोष्टी सोबत नांदतात. भरलेलं अंग म्हणजे पोसलेलं अंग, असं नसतं. आईला सांगायचं ते हे.

भावाचा प्रश्न

भाऊ म्हणाला, "पहाटे उठून फिरायला जा, भात सोड. तथागतांनी राजा पसेनदीला काय सांगितलं होतं?"

उदाहरण चांगलं दिलं. पण अर्धवट दिलं. संयुत्तनिकायातली गोष्ट अशी आहे की कोसलचा राजा पसेनदी भरमसाट जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. जो भान ठेवून, मात्रा ओळखून जेवतो त्याचा त्रास कमी होतो, अशा अर्थाची गाथा तथागतांनी म्हटली. पुढे काय झालं ते लोक सांगत नाहीत. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजानं त्याला ती गाथा पाठ करायला लावली, आणि आपण जेवायला बसलो की रोज ती म्हणायची म्हणून त्याला दिवसाला शंभर कहापण ठरवून दिले. मग हळूहळू राजाचं जेवण कमी झालं आणि अंग हलकं झालं. थोडक्यात, राजालासुद्धा हे एकट्याच्या मनोनिग्रहावर जमलं नाही. रोज ताटाजवळ उभा राहणारा माणूस लागला. आपल्या घरात तो सुदस्सन कोण होणार, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय प्रत्येक लठ्ठ माणूस पसेनदीसारखा खातो म्हणून लठ्ठ असतो, हाही गैरसमज आहे. आनुवंशिकता, थायरॉइडसारखे आजार, काही औषधं, झोपेचा बिघाड, पाळीचे विकार, रात्रपाळीची नोकरी, मनाचा ताण, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. वजन फार वाढल्यावर शरीर त्या वजनाला धरून बसतं. खाणं कमी केलं की भूक वाढवणारी संप्रेरकं वर जातात आणि ऊर्जा वापरण्याचा वेग खाली येतो. म्हणून वीस किलो उतरवलेला माणूस दोन वर्षांत पंचवीस किलो चढवून बसतो. हा चारित्र्याचा दोष नाही. तरी आपण त्याला आळशी म्हणतो. एखाद्या समूहावर जन्मानं आळशी असल्याचा शिक्का मारणं काय असतं हे ज्यांनी सोसलं, त्यांनी तरी दुसऱ्याच्या शरीरावर असा शिक्का मारण्याआधी थांबावं.

"मग ते इंजेक्शन घे ना," हेही भावानंच सुचवलं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोवी भारतात आलं, तेव्हापासून हा सल्ला घरोघरी मिळतो. काहींना ते लागू पडतं. पण सोडलं की बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं, आणि महिन्याचा खर्च चालूच राहतो. कोणाला इंजेक्शन आणि कोणाला ऑपरेशन, हे तपासण्या पाहून डॉक्टरशी बोलून ठरतं. चहाच्या टपरीवर ठरत नाही.

सासऱ्यांचा प्रश्न

सासऱ्यांनी सगळ्यात नेमकं विचारलं. जिवाला धोका किती? पैसे किती? आणि हे कोणाला लागू, कोणाला नाही?

या प्रश्नांना भावनेनं उत्तर देऊ नये. आकड्यांनी द्यावं, आणि वाईट आकडे लपवू नयेत.

सध्या दोन ऑपरेशनं जास्त होतात. स्लीव्हमध्ये दुर्बिणीनं जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. काढलेला भाग परत बसवता येत नाही. त्या भागातून भुकेचं एक मुख्य संप्रेरक येतं, म्हणून भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेहावर त्याचा परिणाम जास्त दिसतो, पण लोह, कॅल्शियम आणि बी-१२ अंगी लागणं कमी होतं. एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरतं. ११८ किलोचा माणूस ८५–९० च्या आसपास येईल. जाहिरातीतल्या फोटोसारखा होईलच असं नाही. दोन वर्षांनंतर थोडं वजन परत चढतं, काहींचं बरंच चढतं.

२०२२ साली अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय शल्यविशारद संघटनांनी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत बीएमआय ३५ किंवा अधिक असल्यास शस्त्रक्रियेची शिफारस आहे. मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३० पासून विचार करावा, आणि आशियाई लोकांना कमी वजनावरच हे आजार गाठतात म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासून विचार व्हावा, असं ती सांगतात. लग्नाआधी दहा किलो उतरवायला हे ऑपरेशन नाही.

धोका आहे. महिनाभरातल्या मृत्यूचं प्रमाण मोठ्या अभ्यासांत हजारात एक ते तीन इतकं आढळलं आहे. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, नंतर पित्ताचे खडे, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळणं, हे होऊ शकतं. दुसऱ्या बाजूनं, स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण, न केलेल्या तशाच लठ्ठ रुग्णांपेक्षा पुढच्या वर्षांत कमी दिसलं. धोका दोन्हीकडे आहे. ऑपरेशन न करता वाढलेल्या साखरेसह जगण्यातही आहे. सासऱ्यांना हेच सांगितलं. ते गप्प बसले, पण दुसऱ्या दिवशी वहीत प्रश्न लिहून घेऊन आले. आम्हाला असं कुटुंब हवं आहे.

पैशाचं म्हणाल तर खाजगी दवाखान्यात काही लाखांचा मामला आहे. पण एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. आरोग्य विम्यात लठ्ठपणाचा उपचार सरसकट नाकारता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार वय १८ च्या वर, डॉक्टरांची शिफारस, आणि बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर या अपवादाचं कारण सांगून दावा फेटाळता येत नाही. प्रतीक्षा कालावधी वगैरे अटी पॉलिसीत वाचाव्या लागतात. "हे कॉस्मेटिक आहे, मिळत नाही" असं एजंट तोंडी सांगत असेल तर लेखी मागा.

चळवळीतल्या मित्राचा प्रश्न

घराबाहेरून एकच प्रश्न आम्ही इथे घेतो, कारण तो विचाराचा आव आणून येतो. एक मित्र म्हणाले, "वस्तीत लोकांना डायलिसिस मिळत नाही, आणि तुमचं हे पोट कमी करायचं चाललंय. हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत."

डायलिसिस कशामुळे लागतं? आपल्या देशात मूत्रपिंड निकामी होण्याचं एक प्रमुख कारण मधुमेह आहे. वस्तीतल्या माणसाला डायलिसिस मिळालं पाहिजे, आणि त्याच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून मधुमेहाचे सगळे उपचारही मिळाले पाहिजेत. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया गरजूंना मिळावी, ही मागणी चळवळीची असायला हवी. "चोचले" म्हणून ती मागणीच बाद केली तर फायदा कोणाचा होतो?

श्रीमंतांनी आणि सत्तावानांनी याला कधीच चोचले म्हटलं नाही. आपल्याच नागपूरचे नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत त्यांची ही शस्त्रक्रिया झाली. अरुण जेटली केंद्रीय अर्थमंत्री असताना सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीत त्यांची झाली. वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या आणि सगळ्यांनी त्याला उपचार मानलं. त्यांच्या राजकारणाशी आमचा उभा दावा आहे आणि राहील. पण प्रश्न असा की पुरुष नेत्याचं ऑपरेशन मधुमेहाचा उपचार ठरतो आणि बाईचं तेच ऑपरेशन "बारीक दिसायची हौस" का ठरतं? हा फरक वैद्यकशास्त्रात कुठेच नाही. तो आपल्या डोक्यात आहे, आणि तो पुरुषसत्तेनं तिथे ठेवला आहे.

याच पुरुषसत्तेची दुसरी बाजूही आहे. लग्न जमत नाही म्हणून मुलीवर या ऑपरेशनसाठी दबाव टाकणारी घरं आहेत. "शरीर ज्याचं, निर्णय त्याचा" हे तत्त्व तिथेही तितकंच लागू आहे. मुलगी नको म्हणत असेल तर आई-बापानं पैसे भरले म्हणून तिचं पोट कापता येणार नाही. अशा मुलीच्या बाजूनं उभं राहणं हेही आपलं काम आहे.

बाबासाहेबांचा आजार आणि आपला धडा

आजार लपला की संशय कसा वाढतो, हे आंबेडकरी समाजाइतकं कोणाला माहीत असेल?

बाबासाहेबांना मधुमेह होता, नसांचं दुखणं होतं. उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे जात, आणि याच काळात डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत त्यांचं लग्न झालं. त्याआधी बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून आपली प्रकृती आणि हा निर्णय कळवला होता. परवानगी मागितली नव्हती. जवळच्या माणसाला कारणासह सांगितलं होतं. आम्ही वर मांडलेली भूमिका यापेक्षा वेगळी नाही.

पण सामान्य अनुयायांपर्यंत त्या आजाराची खोली पोहोचली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंनी त्यांना उभं पाहिलं. ते शरीर किती थकलं होतं, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ६ डिसेंबरचा धक्का समाजाला पेलवला नाही, आणि संशयाचं बोट माईसाहेबांकडे वळलं. त्या जन्मानं ब्राह्मण, त्यामुळे संशयाला आणखी बळ आलं. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचं निष्पन्न झालं, तरी त्या बाईनं पुढची कित्येक वर्षं तो संशय अंगावर वागवला.

खुद्द बाबासाहेबांनी मात्र काही लपवलं नव्हतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या दीर्घ आजाराचा उल्लेख केला, आणि आपल्याला वाचवण्याचं श्रेय माईसाहेबांना आणि डॉ. मालवणकरांना नाव घेऊन दिलं. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे १९८० मध्ये भगवान दास यांनी ती लोकांसमोर आणली. आजारी माणूस स्वतः खरं सांगत होता. ते ऐकायची आपलीच तयारी नव्हती. घरात कोणी आजार सांगायला बसलं तर ते शेवटपर्यंत ऐकून घ्या, असा आम्ही यातून धडा घेतो.

गर्दी बाहेर, जवळचा माणूस आत

विनयपिटकाच्या महावग्गात वैद्य जीवकाची एक कथा आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्यांना पीळ पडला होता. जीवक आला, त्यानं रुग्णाला तपासलं. मग त्यानं जमलेल्या लोकांना बाहेर काढलं, पडदा लावला, रुग्णाला खांबाला बांधलं आणि त्याच्या बायकोला समोर उभं केलं. पोट उघडून, गुंतलेली आतडी बाहेर काढून त्यानं तिला दाखवली, की हा पाहा तुझ्या नवऱ्याचा आजार. नंतर पीळ सोडवून आतडी आत ठेवली आणि पोट शिवलं.

गर्दी बाहेर, बायको आत, आणि तिला सगळं डोळ्यांनी पाहू दिलेलं. घरच्यांना कसं सांगायचं याचा यापेक्षा चांगला नमुना आम्हाला माहीत नाही.

तो आजच्या काळात असा वापरता येईल. निर्णय पक्का झाल्यावर, पण तारखेच्या बरंच आधी सांगा. दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री नाही. ज्याच्यावर आपला सगळ्यात जास्त विश्वास आहे त्या एका माणसाला आधी सांगा, आणि पुढच्या भेटीत त्याला डॉक्टरांसमोर सोबत बसवा. प्रश्न त्यालाही विचारू द्या. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, तेव्हा तिचं वजन सुमारे ५०० किलो असल्याचं सांगितलं गेलं. शस्त्रक्रियेनंतर तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला. बहिणीचे आरोप डॉक्टरांनी नाकारले. पुढे इमानला अबू धाबीला नेलं, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिचा मृत्यू झाला. कोणाचं खरं हा निवाडा आम्ही करणार नाही. एवढंच म्हणतो की उपचारातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे रुग्णाला, डॉक्टरला आणि घरच्यांना आधीपासून सारखंच माहीत असावं.

दुसरं, स्वयंपाक करणाऱ्याला सांगितल्याशिवाय हे ऑपरेशन निभत नाही. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मग पेस्टसारखं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, तेही वाटीभर. घास खूप चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. म्हणजे ताटात आधी अंडी, डाळ, मासे, दही, आणि उरलेल्या जागेत पोळी-भात. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ जन्मभर घ्यायचं आणि ठरल्या वेळी रक्त तपासायचं. रक्तक्षय घरोघरी असलेल्या आपल्या बायांनी तर ही गोळी एक दिवसही चुकवू नये. हे सगळं घरच्यांपासून लपवून कसं करणार? आग्रहानं वाढलेली सावजी रश्श्याची दुसरी वाटी "नको" म्हणताना कारण काय सांगणार?

तिसरं, नणंदेनं विचारलेला प्रश्न. मूल? शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. हा जोडप्याचा प्रश्न आहे, म्हणून तो आधी जोडीदाराशी आणि डॉक्टरशी बोलावा. सासूबाई, आत्या, मावशी नंतर. आणि दारू. बायपासनंतर ती फार लवकर चढते, व्यसनाचा धोकाही वाढतो. पाचवं शील ज्यांनी आजवर फक्त विहारात म्हटलं, त्यांनी आता ते घरातही पाळावं.

बाकीच्यांना काय सांगायचं? कॉलनीत, लग्नात, ऑफिसात कोणी विचारलं तर "तब्येतीचा उपचार चालू आहे" एवढं पुरे. हे खोटं नाही आणि यापुढचं सांगायला आपण बांधील नाही. ज्यांची हिंमत आहे त्यांनी पूर्ण सांगावं. त्यांच्यामुळे पुढच्या माणसाचं काम सोपं होईल.

आता शेवटचं, घरच्यांसाठी. घरात कोणी असा निर्णय सांगितला तर पहिल्या दिवशी मत देऊ नका. प्रश्न विचारा. डॉक्टर कोण, त्यांचा अनुभव किती, दुसरं मत घेतलं का, हेच ऑपरेशन का, बिघडलं तर पुढे काय, वर्षभर रजा आणि पैशाचं नियोजन काय. कालाम लोकांना तथागतांनी हेच शिकवलं होतं, कोणी सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. जाहिरात सांगते म्हणून ऑपरेशन करू नका, आणि आत्या सांगते म्हणून ते टाळूही नका. उत्तरं पटली तर सोबत जा. पटली नाहीत तर तसं तोंडावर सांगा, आणि तरीही सोबत जा. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती. त्यानं आपलं ऐकलं होतं की नाही, याचा हिशेब आधी मागितला नव्हता.

येत्या रविवारी वंदनेनंतर आपापल्या विहारात हा विषय काढा. साखर, रक्तदाब, वजन तपासणीचं शिबिर घ्या, आणि ज्यांचं हे ऑपरेशन झालं आहे अशा एखाद्या ताईला किंवा दादाला, त्यांची तयारी असेल तर, दहा मिनिटं बोलायला सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!